बाटलीतले अत्तर, मनगटावरचे अत्तर

जालना रस्त्याने पूर्वेकडे निघाले की चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडते आणि थोड्याच वेळात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही असलेल्या औरंगाबादपासून, हे अंतर पंधरा-वीस किलोमीटरचे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला येथे मोटारींचा कारखाना दाखवतात, रुंद रस्ते दाखवतात, २०१९ साली उद्घाटन झालेली ‘ऑरिक’ची इमारत दाखवतात. ते सगळे दाखवण्यासारखे आहेच. परंतु ज्याने येथे वर्षानुवर्षे शिफ्ट केल्या आहेत तो शेंद्रा डोळे मिटूनही ओळखील, कारण शेंद्र्याला वास आहे.

तोही एक नाही. कुंभेफळच्या बाजूने सकाळी आत शिरावे तर सारवणाचा आणि पऱ्हाटीच्या धुराचा वास. पुढे लेथ आणि सीएनसी यंत्रांच्या शेडमधून कूलंटचा, म्हणजे लोखंड कापताना सोडतात त्या दुधट पाण्याचा वास. तो कपड्याला एकदा चिकटला की दोन धुण्यांतही हटत नाही. नंतर रबर, रंग, थिनर. वारा फिरला तर धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याकडून शिळ्या भाकरीसारखा आंबूस दर्प येतो. चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते तेव्हा त्यात गुलाल, नारळ, धूळ आणि चुलीवरचा रस्सा यांची भर पडते. आणि शिफ्ट सुटली की शेकडो माणसे एकदम बाहेर येतात, त्यांच्या घामाचा वास. या शेवटच्या वासामुळेच आजचा लेख लिहावा लागत आहे.

पगाराच्या आठवड्यात दरवाजाबाहेर मोटारसायकलवर पेटी बांधून अत्तरवाला उभा राहतो. चहाच्या टपरीपेक्षा त्याच्याभोवती गर्दी जास्त. दहा-वीस रुपयांपासून शंभरापर्यंत छोट्या बाटल्या, टोकाला फिरती गोळी. मोगरा, मजमुआ, जन्नतुल फिरदौस, ऊद, शिवाय विलायती नावांचे काहीबाही. पोरे बाटलीचे झाकण काढतात, नाकाला लावतात, “एक नंबर!” म्हणतात आणि पैसे देऊन मोकळी होतात. आम्ही एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. खिडकीतून हे दृश्य आम्ही पुष्कळदा पाहिले आणि प्रत्येक वेळी चैन म्हणून सोडून दिले.

मग एके दिवशी लेथवरचा एक मुलगा हजेरीची दुरुस्ती करायला आला आणि काम झाल्यावरही उभाच राहिला. वय चोवीस-पंचवीस, घरात त्याच्या लग्नाचे बघणे चालू. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाला, “काका, एक विचारू का? अत्तर घेताना मस्त वास येतो. अंगाला लावून दोन तास काम केले की कुबट होते. सगळ्या बाटल्या बदलून झाल्या. माझ्या अंगालाच काही आहे का?”

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला चटका लावून गेला. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या दूर बसवले, ज्याच्या सावलीचा, श्वासाचा, वासाचा विटाळ मानला, त्या समाजातल्या शिकलेल्या, आयटीआय केलेल्या, यंत्र चालवणाऱ्या मुलाने स्वतःच्या कातडीवर संशय घ्यावा? गाडीत शेजारचा माणूस सरकून बसला तर कारण कूलंट असते. पण मनात जुने काहीतरी हलते. त्याला नुसते “काही नाही रे बाबा” म्हणून वाटेला लावणे आम्हाला बरे वाटले नाही. आम्ही बीकॉम; गंधशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु वहीत रकाने आखून हिशेब मांडणे हा आमचा रोजचा धंदा आहे. म्हटले, याचाही हिशेब मांडू.

पुढच्या रविवारी त्या मुलाला घेऊन शहरात गेलो. जालना रस्ता मुकुंदवाडी, सिडको, मोंढा नाका करीत क्रांती चौकात येतो. तेथून पैठण गेट आणि मग गुलमंडी. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. नावातच सुगंध आहे, पण आता तेथे कपडे, भांडी आणि वाहनांचा धूर. अत्तरासाठी पुढे सिटी चौक आणि शहागंजाकडे जावे. रमजानच्या दिवसांत या भागात रात्र-रात्र गर्दी असते. एरवी दुपारी दुकानदार निवांत भेटतो. आम्हाला भेटलेले चाचा सत्तरीच्या पुढचे होते. मुलाने सवयीप्रमाणे बाटली नाकाला लावली तशी त्यांनी ती काढून घेतली आणि म्हणाले, “बेटा, शीशी मत सूंघो, हाथ सूंघो. और अभी नहीं, शाम को.”

सबंध विद्या त्या एका वाक्यात होती. पण ती पटायला आम्हाला पुढचे पाच दिवस लागले.

चाचांकडून पाच अत्तरे घेतली, प्रत्येकी अगदी थोडी : मोगरा, गुलाब, खस, मिट्टी आणि चंदन. शेंद्र्यात चौघे जण तयार केले. पहिला तो लेथवरचा मुलगा, तेलकट त्वचेचा आणि दिवसभर यंत्रापाशी. दुसरे दरवाजावरचे सुरक्षारक्षक, आठ तास उन्हात. तिसऱ्या आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या मावशी, ज्यांचे हात सदा फिनाइलच्या पाण्यात. चौथे आम्ही, पंख्याखाली बसणारे, हिवाळ्यात टाचा फुटणारे कोरडे गडी. पेंटशॉपमधला एक जण फार उत्सुक होता, त्याला घेता आले नाही. मोटारी रंगवतात तेथे डिओडरंट, क्रीम, केसांचे तेल लावून जायला बंदी असते, कारण त्यातल्या सिलिकॉनचा अंश ताज्या रंगावर पडला तर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे उठतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. औषधांच्या कारखान्यातही निर्जंतुक विभागात अत्तर चालत नाही. तेथली मंडळी शिफ्ट सुटल्यावरच फाया लावतात.

नियम साधा ठेवला. बिनवासाच्या साबणाने मनगट धुवायचे, कोरडे करायचे, काचेच्या काडीने एक थेंब टेकवायचा, चोळायचा नाही. रोज एकच अत्तर. सातला लावायचे आणि दहाच्या चहाला, साडेबाराच्या जेवणाला व साडेतीनला सुटताना वास घेऊन आमच्या वहीत लिहायचे. साडेतीनला घरी गेल्यावर घरच्या माणसांना विचारायचे ते वेगळे.

सोमवारी मोगरा. सातला चौघांच्या मनगटावर एकच वास, लग्नघरातल्या गजऱ्यासारखा. दहाला चौघांचे चार वास! रक्षकांच्या हातावर उन्हाने तो एवढा फुलला होता की दोन हातांवरून यावा. साडेबाराला मात्र काहीच उरले नाही. आमच्या कोरड्या हातावर दहालाच पुसट झाला. मावशींच्या हातावर फिनाइलच वरचढ. आणि त्या मुलाच्या हातावर गोड वास खाली बसून मागे एक जडसर, गोठ्यासारखा वास उरला. तो खट्टू झाला. “बघा काका, मी म्हणत नव्हतो?”

परंतु दोष त्याच्या हाताचा नव्हताच. मोगरा-चमेलीच्या फुलांत निसर्गतःच इंडोल नावाचा पदार्थ असतो. थोडा असेल तर फुलाला भरदारपणा येतो. एकटा उरला तर त्याला शेणाचा दर्प येतो. संध्याकाळी उमललेला मोगरा दुसऱ्या दिवशी सुकत आला की कसा वास येतो, ते वेणी माळणाऱ्या आमच्या भगिनींना सांगायला नको. त्या मुलाची त्वचा तेलकट. तेलकट त्वचा जड पदार्थ धरून ठेवते. यंत्राच्या उबेने हलके गोड कण उडून गेले, जड ते राहिले, वर कूलंटचा शिडकावा झाला. फुलाचाच गुण, पण त्याला वाटत होते अंगाचा दोष.

मंगळवारी गुलाब. हा सज्जन निघाला. दोन-तीन तास सगळीकडे नीट राहिला, मग मधासारखा गोडसर होत होत गेला. आमच्या बाहीला मात्र दुसऱ्या दिवशीही वास होता, कारण कापड तापत नाही आणि त्याला घाम येत नाही.

बुधवारची खस सर्वांनी नाकारली. “काका, हे काय, माठाच्या बुडाचा वास!” मावशी म्हणाल्या, “कूलरच्या ताट्या आणल्या वाटतं.” खस म्हणजे वाळ्याचे मूळ, त्याचे तेल दाट, काकवीसारखे. त्यातले कण जड, ते लवकर उडत नाहीत. म्हणून पहिल्या तासात ती फक्त ओली माती आणि मूळ दाखवते. साडेबाराला रक्षकांनी स्वतः होऊन मनगट पुढे केले. साडेतीनला त्या मुलाच्या हातावर खस अशी बसली होती की टाइम ऑफिसातले दोघे-तिघे उठून पाहायला आले. गोडसर, धुरकट, थंड. कूलंटच्या वासाशी तिचे भांडण नव्हते. तो वासही तिने आपल्यात ओढून घेतला. आमच्या वहीत त्या रकान्यापुढे त्या मुलाने स्वतः लाल पेनाने बरोबरची खूण केली.

गुरुवारी मिट्टी. या अत्तराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मराठवाड्याच्या माणसाला ते जवळचे आहे. उत्तर प्रदेशात कनौजला तळ्याच्या मातीच्या भाजलेल्या चकत्या पाण्यात उकळून त्यांचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरीचा वास तो हाच. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील इसाबेल जॉय बेअर व रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या या मातीच्या अत्तराचा उल्लेख केला. कोरड्या काळात झाडांतून निघणारी तेले माती-दगडात मुरतात आणि पाणी पडताच हवेत सुटतात. शिवाय मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो आपल्या नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतो. मावशींनी मनगट नाकाला लावले आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पेरणीच्या वक्ताला असा वास येतो. आमचं वावर नव्हतं, पण लोकाच्या वावरात तरी तोच यायचा.” ही नोंद वहीच्या कोणत्याही रकान्यात बसली नाही.

शुक्रवारी चंदन. आठ वाजता चौघांचीही तक्रार की वासच येत नाही, चाचांनी फसवले. संध्याकाळी घरी मात्र रक्षकांच्या नातीने विचारले, “आबा, तुम्ही काय लावलं?” कारण असे की नाक सततच्या वासाला लवकर कंटाळते. अर्ध्या तासात स्वतःचा वास स्वतःला येईनासा होतो, दुसऱ्याला येतच राहतो. म्हणूनच “उडून गेले” असे समजून काही जण पुन्हा-पुन्हा बाटली फिरवतात आणि गाडीत शेजारच्याचे डोके धरते. शिवाय प्रत्येकाचे नाक निराळे. नाकातील गंध ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे ग्राहक सर्वांत सारखे नसतात; काहींना कस्तुरीच्या जातीचे काही वास जन्मापासून येतच नाहीत. तेव्हा एकाला उत्तम वाटलेले दुसऱ्याला मिळमिळीत वाटले तर वाद घालू नये.

राहता राहिला घाम. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींमधून निघणारा स्राव त्वचेवरचे जंतू खातात, त्यातून वास निर्माण होतो. हे जंतू कारखानदाराच्या काखेतही असतात. त्यांना जात विचारता येत नाही. फरक एवढाच की एकाच्या खोलीला वातानुकूलन असते, दुसऱ्याच्या शेडवर पत्रा. त्यावर उपाय पाणी, साबण आणि धुतलेला बनियन. शिळ्या घामावर अत्तर लावले तर घाम झाकला जात नाही, अत्तर मात्र बिघडते. त्या मुलाला आम्ही हे सगळे वहीतून दाखवले. तुझ्या कातडीला हलकी, गोड फुले सोसत नाहीत, मुळे आणि लाकडे सोसतात, एवढाच अर्थ. मुलगी पाहायला जायचा कार्यक्रम अकराचा ठरला होता. त्याने सातलाच खस लावली.

आता थोडे पैशाचे. चाचांना आम्ही विचारले की पन्नास रुपयांचे चंदन का घेऊ नये? ते नुसते हसले. हिशेब आम्हीच केला. चंदनाचे अस्सल तेल किलोला लाख रुपयांच्या घरात धरले, तरी ग्रॅमला शंभर रुपये झाले. तीन ग्रॅमच्या बाटलीत नुसते तेलच तीनशेचे. काच, झाकण, वाहतूक, दोन दुकानदारांचा नफा अजून बाहेरच. मग पन्नासाला जे मिळते ते चंदन नसते, चंदनासारखे रसायन असते. गुलाबाच्या एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्यावरून गुलाबाचे समजून घ्यावे. आणि अस्सल कस्तुरी म्हणून कोणी काही पुढे केले तर तेथून निघून यावे. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कस्तुरीच्या वासाचे रसायन तर जर्मनीत आल्बर्ट बाऊर यांना १८८८ सालीच सापडले होते. रसायन म्हणून नाक मुरडण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. गरिबाला शंभरात सुगंध मिळाला तो रसायनामुळेच. ते अस्सल म्हणून विकणे ही लबाडी आहे, तिची चीड यावी.

अस्सल अत्तर निघते कसे, हे ऐकण्यासारखे आहे. कनौजला तांब्याच्या मोठ्या हंड्यात, ज्याला ‘देग’ म्हणतात, फुले आणि पाणी घालून तोंड चिकणमातीने लिंपतात. बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात, ‘भपक्या’त नेतात. भपका गार पाण्यात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफेतला सुगंध त्यात विरघळतो. खाली लाकडे वा गोवऱ्यांचा जाळ. कारागीर भपका हाताने चाचपून सांगतो की आता जाळ कमी करा. तापमापक नाही, वीज नाही. रोज ताजी फुले, तेच तेल, असे दिवसेंदिवस चालते. म्हणून अत्तरात मद्यार्क नसतो. फवाऱ्याच्या बाटलीत असतो, तो उडताना सुगंधही बरोबर घेऊन जातो. खोली भरते आणि रिकामी होते. अत्तर अंगाशी राहते, हात जवळ आणल्यावाचून कळत नाही.

शेवटची पायरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. तयार अत्तरात पाण्याचा अंश उरतो. तो काढण्यासाठी अत्तर उंटाच्या कातड्याच्या बाटलीत, कुपीत भरून ठेवतात. कातड्याच्या छिद्रांतून पाणी हळूहळू उडते, अत्तर आत मुरते. काच किंवा पत्रा हे काम करू शकत नाही. म्हणजे लग्नाच्या मांडवात चांदीच्या अत्तरदाणीतून मानकऱ्यांच्या मनगटाला जे लावले जात होते, ते आधी कातड्यात मुरून आलेले होते. त्याच मांडवाबाहेर कातड्याला हात लावणारा माणूस उष्ट्यासाठी उभा केला जात होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडायला सांगितले, त्यांनी ते सोडले, घाण काम नाकारले आणि मान वर केली. कुपी शिवणाऱ्या हातांना मात्र कोणी सुगंधाचे कारागीर म्हटले नाही.

भगिनींसाठी व लहान मुलांच्या आयांसाठी काही गोष्टी. नवे अत्तर, मग ते कितीही महाग असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिपकाभर लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज आली, लाल चट्टा उठला तर ते आपले नव्हे. लिंबू-संत्र्याच्या जातीची काही तेले, विशेषतः बर्गमोट, मानेला लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. उन्हात काम करणाऱ्यांनी असा वास कपड्यालाच ठेवावा. तान्ह्या बाळाला अत्तर लावू नये. त्याला आईचा वास पुरतो. वेल्डिंग वा ठिणग्यांजवळ फवाऱ्याचे डबे नेऊ नयेत, ते पेट घेतात. त्वचा कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, अत्तर दुप्पट टिकते. हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

अत्तराच्या या नादात एक गोष्ट कळली आणि आम्ही आठ-दहा जणांनी जीप ठरवून एका रविवारी पितळखोरे गाठले. वेरूळला आणि अजिंठ्याला आपली कुटुंबे जातात, पितळखोऱ्याला फार थोडी. कन्नडच्या पलीकडे सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळा अभयारण्याच्या परिसरात ही बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेली. गाडी वर थांबते आणि पायऱ्या खाली दरीत उतरतात. आधी वाऱ्याबरोबर रानगवताचा वास येतो, मग ओहोळाच्या शेवाळाचा. चौथ्या लेण्यापाशी हत्तींची रांग आहे. तिसरे लेणे चैत्यगृह आहे. त्याचे बरेच खांब पडले आहेत, जे उभे आहेत त्यांच्यावर रंगाचे अवशेष दिसतात.

त्या चैत्यगृहातल्या एका खांबावर ब्राह्मी अक्षरांत दान कोरलेले आहे : पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाने दिलेला खांब. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. गंधी तो हाच, आणि गुजरातेतले गांधी आडनावही त्यातूनच आलेले. मुसलमान बांधवांतले अत्तार तोच धंदा दुसऱ्या नावाने सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या याच जिल्ह्यात, पैठणला, सुगंध विकणारी कुळे होती आणि त्यांतल्या एकाने आपल्या कमाईतून भिक्खूसंघासाठी खांब उभा केला. राजाचे नाव शोधत आलेल्यांना येथे व्यापाऱ्याचे नाव मिळते. येथलीच एक यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्यावर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. आपल्या पूर्वजांनी कारागिराचे नाव दगडात लिहिले, हे मुलांना दाखवावे. सुगंधाचे आणि विहाराचे नाते तसे जुनेच : जेतवनातल्या तथागतांच्या निवासाला गंधकुटी म्हणत, आणि अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील शिलालेखातही गंधकुटीचा उल्लेख आहे.

चैत्यगृहात वटवाघळांचा उग्र वास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले, मावशींनी पिशवीतून फुले आणि उदबत्ती काढली. उदबत्ती न पेटवता ठेवली, कारण जुन्या रंगाला धूर बाधतो असे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि ते खरेच आहे. मग त्या खांबाशी थांबल्या. सकाळी सहाला लावलेले मिट्टीचे अत्तर त्यांच्या मनगटावर दुपारी एकला होते. माती सरली होती, खालचे चंदन तेवढे राहिले होते. त्यांनी ते आपल्या नातवाला हुंगायला दिले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी लवकर निघावे. पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, चढताना वयस्कांना दम लागतो. पाणी आणि भाकरी घरूनच न्यावी. पावसाळ्यात ओहोळाला जोर असतो आणि दगड निसरडे होतात, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये.